धड यांचं, पाय माझ्या भावाचे

आमच्या यांनी आयुष्यात एकाच माणसाचा हेवा केला, आणि तो माणूस नेमका माझा सख्खा धाकटा भाऊ निघाला. दुसऱ्या कुणाचा केला असता तर मीही चवीनं साथ दिली असती. नवऱ्याच्या बाजूनं कुणाला तरी चार शब्द बोलून घ्यावेत यात संसाराची निम्मी मजा असते. माझ्या वाट्याला ती आली नाही.

हे म्युझियमच्या कारखान्यात प्राण्यांच्या प्रतिकृती बनवतात. मी त्याच म्युझियमच्या तिकीट खिडकीत बसते. जिवंत प्राणी आमच्याकडे एकही नाही, जिन्याखालची मांजर सोडली तर. कारखाना म्हणजे मागच्या अंगणातली पत्र्याची लांब खोली. आत प्लास्टरची पोती, साचे आणि रेझिनचा असा वास की जेवणाच्या डब्यालाही तोच वास लागतो. तिथे सगळे यांना खवलेमास्तर म्हणतात. दुसरे कारागीर माशाच्या अंगावर खवल्यांची जाळी एकदाच दाबून मोकळे होतात. हे एकेक खवला वेगळा दाबतात. एका माशाला एक ऋतू जातो. त्या ऋतूत घरातला नळ गळत असेल तर तो गळतच राहतो.

भावाला इथे मीच चिकटवला. त्याचं कुठेच बस्तान बसत नव्हतं. कुरियर झालं, छापखाना झाला, चष्म्याचं दुकान झालं. मी यांच्या मागे लागले, "अहो, तुमच्या हाताखाली घ्या ना त्याला." यांनी घेतलं आणि मन लावून शिकवलं. साचा कसा घ्यायचा, रेझिनमधला बुडबुडा कसा काढायचा, माशाचा डोळा शेवटी का बसवायचा, सगळं. पण खवले दाबायला बसवलं की भाऊ अर्ध्या तासात जांभया देई. शेवटी हेच हसत म्हणाले, "तू बेडूक कर. त्याला खवले नसतात."

म्हणजे बेडूक यांनीच त्याच्या हातात दिला. हे दुखणं सगळ्यात मोठं.

कारण भावाचा बेडूक ओला दिसतो. खरोखर ओला. तो कातडीवर काय काय पातळ थर देतो ते त्याचं त्याला माहीत, पण कपाटासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला वाटतं की हा आत्ताच पाण्यातून वर आलाय आणि आपण खोकलो तर उडी मारेल. त्याचा सॅलमँडर, म्हणजे बेडकाचा शेपटीवाला भाऊबंद, तसाच. देवगांडूळही तसंच. बिनपायाचं, गांडुळासारखं दिसणारं, पण पाठीला कणा असलेलं आणि बेडकाच्या गोतातलं. ते बघून तर बायका पदर सावरतात. यांचे मासे मात्र पराचा काटा न् काटा बरोबर असूनही मेलेले दिसतात. चूक कुठेच नाही, आणि जीवही कुठेच नाही. हे मी घरात कधी बोलले नाही.

बाहेर पडणारे लोक माझ्या खिडकीवरूनच जातात. "तो बेडूक श्वास घेत होता का हो?" असं मला कितीतरी जणांनी विचारलंय. माशांबद्दल कुणी काही विचारत नाही. आणि संध्याकाळी चपला काढता काढता यांचा ठरलेला प्रश्न, "आज कुणी काही म्हणालं?" मग मी रचून सांगायला लागले. एकदा म्हटलं, "एक बाई तुमचा तो सापासारखा ईल मासा बघून दचकल्या." यांनी दुसरी चप्पल काढली. मग म्हणाले, "ईल महिनाभर दुरुस्तीला आलाय. माझ्या टेबलावर आहे." त्या दिवसानंतर मी आधी कपाटं बघून येई आणि मग रची.

अशात नवं दालन निघालं. आमच्या म्युझियमच्या प्रमुख बाईंना एका लांब भिंतीवर पाठीचा कणा असलेल्यांची सगळी वंशावळ मांडायची होती. सुरुवातीला जबडाच नसलेला, तोंडानं चिकटून राहणारा मासा. मग अंगावर चिलखत असलेले, मग शार्क, मग काटेरी परांचे, मग फुप्फुस असलेला मासा. दुसऱ्या टोकाला सॅलमँडर, देवगांडूळ आणि बेडूक. मासे यांचे, पलीकडचं भावाचं. त्याच सुमारास मुख्य कारागीर निवृत्त होत होते आणि त्यांची खुर्ची या दोघांपैकी एकाला मिळणार होती. दालन उघडण्याआधी ठरवते, असं बाईंनी सांगून टाकलं.

भांडण पेटलं ते मधल्या कपाटावरून. त्या कपाटात असा प्राणी ठेवायचा होता जो धड मासा नाही आणि धड बेडकाच्या जातीचाही नाही. केव्हाच नामशेष झालेला, फक्त दगडात उरलेला. शेपटीला माशासारखा पर, आत कल्ले, आणि तरी चार पाय. हे म्हणाले, कल्ले आहेत म्हणजे माझा. भाऊ म्हणाला, पाय आहेत म्हणजे माझा. बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि शांतपणे निकाल दिला. डोकं, धड, शेपटी यांनी करायची, पाय भावानं करायचे, आणि जोडायचं काम यांनी करायचं, कारण सांधा यांच्यासारखा कुणालाच जमत नाही.

त्या दिवशी हे जेवले नाहीत. "मी ओंडका करायचा आणि चालायचं त्यानं," एवढंच म्हणाले. बाईंनी पायांची चित्रं दाखवायला दोघांना बोलावलं तेव्हाही हे गेले नाहीत. "पायांशी माझा काय संबंध?" म्हणून टेबलापाशी बसून राहिले. पुढचं सगळं त्या रुसव्यातून झालं.

पाय तयार झाले. भाऊ ते फडक्यात गुंडाळून यांच्या टेबलावर ठेवून गेला आणि मुलाला ताप आला म्हणून घरी राहिला. दुपारी हे माझ्या खिडकीपाशी आले. चेहरा असा फुललेला की आमच्या लग्नाच्या फोटोतही एवढा नाही.

"आठ," हे म्हणाले.

"काय आठ?"

"बोटं. तुझ्या भावानं पुढच्या पायांना आठ-आठ बोटं केलीत."

मागचे पाय चिखलात रुतलेले दाखवायचे होते, म्हणून दिसणार होते ते पुढचेच. मी म्हटलं, "असतील आठ."

"बेडकाला पुढे चार असतात, मागे पाच. सरड्याला पाच, माणसाला पाच, वटवाघळाच्या पंखातसुद्धा पाचच. पाचाच्या वर कुणाला असतात ते सांग. मला वाटलं होतं सवयीनं चार करेल. यानं आठ केली."

"अहो, मग त्याला फोन करून सांगा."

"मी का सांगू? बाईंचा लाडका आहे ना? बाईंनाच बघू दे."

एवढं बोलून हे गेले ते चक्क शीळ वाजवत. माझा जीव मात्र टांगणीला लागला. नवरा जिंकावा असं वाटत होतं, पण भाऊ तोंडावर पडायला नको.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शीळ बंद झालेली. चहा पुढ्यात ठेवला तर म्हणाले, "लोक धड वेगळं आणि पाय वेगळे बघणार आहेत का? हसतील ते अख्ख्या प्राण्याला."

"मग?"

"मग काय. नीट केलं. पाच केली."

बारीक करवतीनं प्रत्येक पायाची तीन बोटं उतरवली, कडा घासल्या, वर नवी कातडी चढवली. ओली कातडी. भावाचे थर याच टेबलाच्या पलीकडून इतकी वर्षं चोरून बघत होते, ते एका दुपारी हातातून उतरले. मला अंगठा दाखवला, हिरवट डाग पडलेला. "त्याला स्वतःलाही ओळखता येणार नाही," म्हणाले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की यांना आनंद चूक सुधारल्याचा झालाच नव्हता. बेडकाची कातडी आपल्यालाही येते, याचा झाला होता.

"तो कामावर आला की आधी त्याला सांगा," मी म्हटलं. हे "हूं" म्हणाले.

सांगायला वेळच मिळाला नाही. भाऊ कामावर आला त्याच सकाळी बाई दालन बघायला आल्या. आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. काच अजून बसायची होती त्या मधल्या कपाटात तो प्राणी होता, लांब आणि चपटा, चिखलातून मान उचललेला. खरं सांगते, मला माझ्या नवऱ्याचा अभिमान वाटला, आणि भावाचाही. कुणाचा जास्त ते विचारू नका.

बाई वाकल्या. चष्मा काढून पुन्हा घातला. "पाच?" म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा एकदा मोजली.

"दगडात आठ आहेत. पाच हा आकडा फार नंतर ठरला. पाय पाण्यातच आले, पोहता पोहता, आणि तेव्हा बोटं किती असावीत याला काही नियम नव्हता. हे दाखवायलाच तर हा मध्ये ठेवलाय." मग त्या भावाकडे वळल्या. "तुम्हाला चित्रं दिली होती ना?"

भाऊ पायांकडे बघत होता. मग त्यानं यांच्या हातांकडे बघितलं, त्या हिरवट अंगठ्याकडे. त्याला सगळं कळलं, आणि त्याला कळलं हे मलाही कळलं.

"दिली होती," तो म्हणाला. "माझंच चुकलं, बाई. सवयीनं पाच झाली."

मी यांच्याकडे बघितलं. चेहरा लालबुंद. बाकीच्यांना ती शरम वाटली असेल. मी या माणसाबरोबर जन्म काढलाय. बेडकाचं कौतुक झालं की कानापर्यंत जो लाल रंग चढतो तोच होता तो.

"त्याचं काही चुकलेलं नाही," हे मोठ्यानं म्हणाले. "त्यानं आठच केली होती. मी कापली."

"तुम्ही? का?"

"मला चूक वाटली. चित्रं बघायला मी आलो नव्हतो." यांनी खिशातून एक डबी काढली. आत कापसावर सहा बोटं ओळीनं ठेवलेली. कामातला तुकडा टाकायचा नाही ही यांची सवय.

बाईंनी डबी बघितली. मग पुन्हा वाकून पायावरून बोट फिरवलं, या बाजूनं, त्या बाजूनं. "कापलंय कुठे?" त्यांनी विचारलं. भावानंही वाकून बघितलं. त्यालाही दिसेना.

घरी येताना मी म्हटलं, "खरं बोललात, बरं केलंत."

हे रस्त्यात थांबले. "खऱ्याचं काय घेऊन बसलीस. बेडूक त्याचा, पाय त्याचे, खुर्चीही आता त्याचीच. निदान माझी चूक तरी माझी राहू दे. तीही तोच घेणार, आणि वर मोठ्या मनाचा म्हणवून घेणार?" आणि पुढे चालायला लागले, मला मागे टाकून.

खुर्ची भावालाच मिळाली. पहिल्याच दिवशी तो यांच्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "भावजी, ती बोटं तुम्हीच बसवा. मी बसवली तर सांधा दिसेल." यांनी मान वर केली नाही, पण बोटं बसवली. आणि त्या आठवड्यात घरी रोजचा प्रश्न विचारला नाही.

परवा सकाळी लोकांसाठी दालन उघडायच्या आधी मी झाडूवाल्या मावशींना किल्ली द्यायला गेले, तर मधल्या कपाटाशी भाऊ. नाक काचेला लावून बसलेला.

"काय रे, काय करतोस?"

"ताई, सहा जागी जोडलंय आणि मला एकही जागा सापडत नाही." तो उठला आणि गुडघे झटकले. "रोज सकाळी येऊन बघतो. भावजींचे हात मला मिळाले असते ना, तर मला ही खुर्ची नसती लागली." हे सांगताना त्याचेही कान लाल झाले होते.

संध्याकाळी हे चपला काढत होते. विचारलं काहीच नाही, तरी मी सांगितलं. या वेळी काही रचावं लागलं नाही.

"रोज बघतो?"

"रोज. काचेला नाक लावून."

"सांधा सापडायचा नाही," हे म्हणाले, आणि त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं.