मोबाईलची ओटी आणि मंगेशचा व्हिसा

मंगळवारी आमच्या पिंपळगाव राजा या गावात आईने घरोघरी पेढे वाटले. कोणाचं लग्न ठरलं नाही, कोणाला बाळ झालं नाही... माझ्या धाकट्या भावाचा व्हिसा झाला! त्याचं निम्मं श्रेय आईचं, आणि त्याआधी झालेल्या घोळाचं सगळंच श्रेय आईचं.

मंगेश न्यूझीलंडला किवीच्या बागेत कामाला गेला. फोन केला की नेहमी एकच, "मस्त चाललंय ताई." मस्त कसलं... ठेकेदाराने पासपोर्ट काढून घेतलेला, एका खोलीत दाटीवाटीने पोरं कोंबलेली, आणि कोणी तोंड उघडलं की धमकी, "उद्याच्या विमानात बसवीन." व्हिसा त्याच्याच नोकरीवर, म्हणून सगळे मुकाट.

हे आम्हाला हॅनाने सांगितलं. ती तिथलीच, फळं पॅक करतात त्या शेडमध्ये कामाला. दोघांचं जुळलं होतं आणि मंगेशला हाताला धरून तक्रार करायला तिनेच नेलं.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तिथे छळ झालेल्या कामगारासाठी वेगळा व्हिसा असतो. तक्रार खरी वाटली की मालकाला सोडून दुसरीकडे रीतसर काम करता येतं. मंगेशला तो मिळाला, पण जेमतेम सहा महिन्यांचा... पुढे काय?

दुसरा मालक शोधून झाला, जमलं नाही. मग उरले दोनच रस्ते. एक तर गावी परत, नाहीतर हॅनाचा जोडीदार म्हणून व्हिसा. त्याला लग्नाची अट नव्हती, पण दोघांचा एकत्र संसार खरा आहे हे ऑफिसला पटवून द्यायचं होतं. संसार तर खराच होता. ते एकत्रच राहत होते आणि आईला ते माहीत होतं. ती मंगेशला एवढंच म्हणाली होती, "गावात बोलू नको."

अर्ज गेला, आणि एक दिवस खात्री करायला व्हिसा ऑफिसच्या बाईंचा फोन थेट आईला आला. बाई स्वच्छ मराठीत विचारतायत, तुमचा मुलगा कोणा मुलीसोबत राहतो का... आमच्याकडे अशी चौकशी कधी होते? स्थळ बघताना! आईने लगेच वरमाईच्या थाटात सांगून टाकलं, "नाही हो मॅडम! आमचा पोरगा तसा नाही. एकटा राह्यते, हातानं पोया करते, पोरींकडं मान वर करून पाह्यत नाही."

वर संध्याकाळी मला फोन करून पोळ्यांसकट सगळं सांगितलं. "असं सर्टिफिकेट देलं त्याले!" मी कपाळावर हात मारला.

व्हायचं तेच झालं. मंगेशला ऑफिसचं पत्र आलं, घरचे म्हणतात अशी मुलगीच नाही, खुलासा करा, नाहीतर अर्ज फेटाळू. फेटाळला म्हणजे मंगेश परत, हॅना तिकडे, आणि ठेकेदाराविरुद्धची तक्रार अर्धवट. बाकीची पोरं मंगेशच्याच भरवशावर बोलायला तयार होत होती. हे सांगताना फोनवर त्याचं ते "मस्त चाललंय ताई" नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चिखलीतलं माझं शिवणाचं दुकान बंद ठेवलं आणि आईला चांगली झापायची म्हणून एसटीत बसले. वाटेत वाक्यंसुद्धा तयार केली. दारातच बाबांनी अडवलं. "तिले काही म्हणू नको. सकायपासून जेवली नाही."

आई आत भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "मले वाटलं, पोट्ट्याची अब्रू जाईन. अन मीच त्याचं घर मोडून राह्यली." माझी सगळी वाक्यं तिथेच विरघळली.

मग ती उठली. पाट मांडला, ब्लाऊजपीस, नारळ, तांदूळ काढले. "हॅनाले व्हिडिओ कॉल लाव. अन गल्लीतल्या बायका बोलाव." ज्यांच्यापासून इतके दिवस लपवलं, त्याच बायका!

पाटावर तांब्याला टेकवून मोबाईल बसवला. आईने स्क्रीनवर हळदीकुंकू लावलं आणि मोबाईलपुढे ओटी भरली. पलीकडे मंगेशने सांगितलं असावं... हॅनाने स्वेटरचं टोक दोन्ही हातांनी पदरासारखं धरलं. मला रडू आवरेना.

"हे माही सून," आई बायकांना म्हणाली. "दोघं संगं राह्यतात. लग्न व्हाचं हाय अजून. कोणाले काही विचाराचं असन तर मले विचारा."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी शेजारच्या शांताकाकूंनी विचारलं, "भाकर खाते का हे?" आणि घर हसण्याने भरून गेलं.

बाबांनी दुसऱ्या मोबाईलवर काढलेला ओटीचा व्हिडिओ आणि आमचा खुलासा ऑफिसला गेला. काही दिवसांनी त्याच बाईंचा पुन्हा फोन. मी नेमकी माहेरीच होते, स्पीकर लावला. आई खणखणीत आवाजात, "मॅडम, मांगच्या टायमाले मी खोटं बोलली. माहा पोरगा तसाच हाय! हॅनासंगंच राह्यते. अन पोया तोच करते, तिले येत नाहीत."

पलीकडे बाई हसल्या. ते हसू ऐकलं तिथेच मला व्हिसा मिळाल्यासारखं वाटलं, आणि मंगळवारी तो खरंच मिळाला.

आता मंगेशचा व्हिसा कुठल्याच मालकाच्या हातात नाही. ते कळल्यावर खोलीतली बाकीची पोरंही जबाब द्यायला गेली. मंगेश म्हणाला, "ताई, आता मला कोणी विमानात बसवू शकत नाही. मी बसेन तेव्हा हॅनाला घेऊनच बसेन."

हॅना, तुझे आभार मानायला माझं इंग्रजी पुरत नाही गं... ओटीतला तो ब्लाऊजपीस आईने माझ्याकडे शिवायला दिलाय. तेवढं माप पाठव.