जुने आलू

हॉटेल मॅनेजमेंट शिकत असूनही मला घरी शेफर्ड्स पाय जमत नव्हता. खालचा मटणाचा खिमा बरा व्हायचा, पण वरचा कुस्करलेल्या बटाट्यांचा थर दोनदा डिंकासारखा झाला. "याच्यासाठी कॉलेजात धाडलं तुले?" बाबा म्हणाले होते.

तिसऱ्या रविवारी तिवशाच्या बाजारात मी नवे, गुळगुळीत बटाटे निवडले. विकणारी मावशी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहत नसे, फक्त हातांकडे पाही.

"काय बनवून राहिला, बाबू?"

"खिम्यावर बटाट्याचा थर द्यायचाय," मी अडखळत म्हणालो.

तिने माझी पिशवी टोपलीत उलटी केली. मग जाड सालीचे, मातकट बटाटे एकेक अंगठ्याने दाबून पाहत भरले.

"नवा आलू दिसायलेच गोरा. कुस्करला का चिकटते. त्याले जुनाच पाह्यजे."

हे वर्गात शिकवलं होतं, वहीतही असेल. माझा हात मात्र चकाकत्या बटाट्यांकडेच गेला होता.

घरी ओव्हन नाही, म्हणून झाकणावर निखारे ठेवून भाजलं. थर मऊ, मोकळा झाला. बाबांनी दुसऱ्यांदा ताट पुढे केलं. मग विचारलं, "आलू कोणापासून आणले?"

मावशीचं नाव मी विचारलंच नव्हतं.