दंड दुखू नये म्हणून

आमच्या शाळेच्या लेझीमचं शहरातल्या मराठी घरांत मोठं नाव होतं. त्यातही पहिली-दुसरीच्या चिमुकल्यांचं. सराव सुरू झाला की तेलुगू शेजारणीसुद्धा गच्चीवर येऊन उभ्या राहायच्या. मी तेव्हा पंचविशीची. दुसरीचा वर्ग माझ्याकडे, लेझीमही माझ्याकडेच.

शाळेचा पट दरवर्षी घसरत होता. अंबरपेठेत गल्लोगल्ली इंग्रजी शाळा निघत होत्या. घरात रंगीत टीव्ही आला की पाठोपाठ पोराच्या गळ्यात टाय यायचा. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, यंदा संमेलन असं करा की बालवाडीचे आईबाप दुसरीकडे बघणार नाहीत." ते मी फारच मनावर घेतलं.

संमेलनाच्या आठवड्यातच नर्सबाई आल्या. पहिली-दुसरीला घटसर्प-धनुर्वाताची सुई होती. त्या सुईनं दंड सुजतो, एखाद्याला ताप भरतो, आणि सुजल्या दंडानं लेझीम होत नाही. मी लेझीमच्या मुलांना मागच्या दारानं मारुतीच्या पटांगणात सरावाला धाडलं आणि उरलेल्यांची रांग लावली. पेटी आवरता आवरता नर्सबाई म्हणाल्या, "टीचरम्मा, सब बच्चे हो गए ना? कोई बाकी है तो बोलो, बुधवार को फिर आतूं मैं."

देवळाकडून खुळखुळाट ऐकू येत होता. बुधवार म्हणजे संमेलनाचा आदला दिवस.

"हो गए सब," मी म्हणाले.

संमेलन आटपलं की मीच मुलांना दवाखान्यात नेणार होते. हे आता बचावासाठी सांगत नाही. तसं खरंच ठरवलं होतं. पण संमेलन झालं, कौतुक झालं, मग परीक्षा आल्या. कौतुकात राहिलेल्या गोष्टी आठवत नाहीत असं नाही. आठवतात, पण उद्यावर जातात.

लेझीमच्या पुढच्या ओळीत डावीकडे एक मुलगी असायची. हमखास पाऊल चुकायची, आणि चुकली की मान वळवून माझ्याकडे बघून हसायची. तिचे वडील सिकंदराबादला रेल्वेत होते. सुट्टीनंतर शाळा भरली त्याच सुमारास ते एका संध्याकाळी सायकल घेऊन माझ्या दारात आले.

"बाई, पोरीचा घसा लई धरलाय. गिळता येईना, बोलता येईना. डॉक्टर विचारतेत, शाळेतली सुई झाली का? झाली ना?"

"हौ, झाली ना."

उत्तर तोंडातून आपोआप आलं. नर्सबाईंना एकदा तेच सांगून बसले होते ना.

त्यांचा चेहरा सैल झाला. "मग काही नाही. डॉक्टर म्हणले, सुई झाली असली तर टॉन्सिलच असतील."

ते सायकलवर बसले. गल्लीच्या तोंडाशी नळावर गर्दी होती, तिथं त्यांना थांबावं लागलं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी दारातच उभी राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाता आलं असतं, त्याच्या पुढच्या दिवशीही. टॉन्सिलच असतील, असं मीही धरून बसले.

मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा घशात पडदा धरला होता. उपचार सुरू झाले, पण तोवर विष हृदयापर्यंत पोचलं होतं. पोर गेली. मी खरं बोलले असते तर वाचली असती का, हे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, आणि हे वाक्य मी वर्षानुवर्षं उशाशी घेऊन झोपले.

मी भेटायला गेले तेव्हा तिची आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. धाकटी, जेमतेम बोलायला लागलेली, दारातल्या चपला जोडीनं लावत होती. वडील मला सोडायला बाहेर आले. "तुम्ही तुमचं काम केलंत, बाई. सुईच खोटी निघाली."

मी पायात चपला सरकवल्या आणि निघाले.

त्यांचं ते बोलणं वस्तीभर झालं. पुढच्या वर्षी नर्सबाई आल्या तेव्हा माझा अर्धा वर्ग रिकामा होता. एका आईला विचारायला गेले, तर तिनं मलाच ऐकवलं, "सुई घेऊनसुद्धा गेली ना वो ती पोरगी? मग कायकू टोचायचं?" त्यानंतरच्या वर्षीही तेच. माझं एक वाक्य त्या मुलांना सुईच्या रांगेत परत आणू शकलं असतं. नोकरी गेली असती, इतकंच. शिक्षक-खोलीत पालकांच्या अडाणीपणावर बोलणं निघायचं, तेव्हा मीसुद्धा "हो ना" म्हणायचे. हे सगळ्यात वाईट.

धाकटीला त्यांनी आमच्या शाळेत घातलंच नाही.

ती मला परवा भेटली, अंबरपेठेच्या बाजारात, अंबाडीच्या जुड्यांपाशी. मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं. "बाई, मी त्या लेझीमवालीची धाकटी." कडेला पाच-सहा वर्षांची मुलगी, आईच्या ओढणीत तोंड खुपसून.

"शाळेत जाते का ही?"

"जाते की. उद्या नाही पाठवणार. उद्या सुया हैत म्हणे. आमच्याकडे नाही चालत, बाई. ताईचं तुम्हाला तर माहितीये."

मला माहीत होतं. मला एकटीलाच माहीत होतं.

"तुझ्या ताईला सुई दिलीच नव्हती," मी म्हणाले.

ती हातातली जुडी तशीच धरून राहिली. मी लेझीमचं सांगितलं, देवळाचं, बुधवारचं, त्या संध्याकाळच्या "हौ"चं. भाजीवाली दोनदा "कितना दूं अम्मा" म्हणाली, मग दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळली.

जुडी परत ठेवत ती म्हणाली, "पप्पांना हे तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

"येईन. एखाद्या दिवशी..."

"एखाद्या दिवशी कायकू? सुया उद्या हैत." आणि तिनं मुलीचा हात धरून चालायला सुरुवात केली, मागं न बघता. मी तिच्या मागून निघाले.

दार तिच्या वडिलांनीच उघडलं. खूप वाळलेत, केस पांढरे झालेत. मला बघून दोन्ही हात जोडले, पंखा लावला, स्वतःची खुर्ची पुढं सरकवली.

"बसा, बाई, बसा," ते म्हणाले, आणि आत वळून हाक मारली, "अगं, पोरीच्या बाई आल्यात. चहा टाक."

मी बसले नाही.