जर्मनीच्या बाईंसमोर आम्ही सगळे

माझी नात अमरावतीला एका दवाखान्यात नर्स आहे. ड्युटी संपली की जर्मन भाषेच्या क्लासला जायची, परीक्षाही पास झाली, अन् तिकडच्या एका वृद्धाश्रमानं तिला कामावर घ्यायचं ठरवलं. आता आपल्या मनानं उठून तिकडे जाता येत नाही बरं. तिथल्या मालकानं सही करून द्यावी लागते, की ही मुलगी आम्हाला हवी, हिचा पगार, राहणं आमच्याकडे. मग नोकरी असेल तेवढ्या काळापुरता व्हिसा मिळतो. ती सही करण्याआधी तिथल्या मोठ्या बाई तिच्याशी व्हिडिओवर शेवटचं बोलणार होत्या. नात म्हणाली, "आजी, अकोल्यालेच येतो मी. होस्टेलवर गलका असते."

घरी येतो म्हटल्यावर आम्ही काय करावं? पोरीला कोणी बघणार, घरच्यांशी बोलणार, पसंत पडली तर घेऊन जाणार, म्हटलं की आम्हाला एकच रीत ठाऊक. मुलानं बैठकीत नवे पडदे लावले. बाळापूरहून माझे दीर आले. मूर्तिजापूरहून तिचे मामा आले, ते शाळेत इंग्रजी शिकवतात. सुनेनं पोहे केले. फोनमधून ते कोण खाणार होतं, पण पोह्यांवाचून कार्यक्रम कसा होणार? नात ड्रेस घालून बसली होती, तिला मी साडी नेसायला लावली.

"आजी, हा इंटरव्ह्यू आहे."

"मंग? इंटरव्ह्यूले काय चांगलं दिसू नाई?"

बाई दिसल्या. सगळे बसलेले पाहून आमच्यासाठी इंग्रजीत बोलू लागल्या, मामा मराठी करून सांगू लागले. बाईंनी नातीला विचारलं, काम फार पडलं तर काय करशील? ती तोंड उघडते तोच दीर म्हणाले, "सांगा त्याइले, पोरगी कामाले नाई म्हणत नाई. रात्र म्हणा, दिवस म्हणा. सुट्टी तं मांगतच नाई."

मामांनी शब्दाला शब्द सांगितला. बाईंनी कागदावर काही टिपलं, मग विचारलं, वरिष्ठांशी पटलं नाही तर?

"उलटून बोलाची सवय नाई तिले," माझा मुलगा म्हणाला. "कितीही रागवा, मान खाली घालून आयकते."

मग मलाही राहवेना. म्हटलं, "अन् पगार सगळा बापाच्या हाती देते म्हणा."

नात मला कोपरानं ढोसत होती. मला वाटलं, लाजते.

बाईंनी विचारलं, हिचा पासपोर्ट कुठे आहे? दीर म्हणाले, "बापाच्या कपाटात, कुलूप लावून. चावी तिच्याजवळ देतच नाई आमी."

हे ऐकलं अन् बाईंचा चेहराच बदलला. मी सुनेला खूण केली, पसंत पडली म्हणून. बाई बराच वेळ बोलल्या. मामा ऐकत राहिले, पण सांगेनात.

"काय म्हणते ते?" दिरांनी विचारलं.

"त्या म्हणतात, पोरगी आपल्या मर्जीनं येऊन राहिली, का घरचे धाकानं पाठवून राहिले, हे समजल्याबिगर मी सही नाई करत. तिले एकटीले बसवा. बाकीचे सगळे भायेर."

पोह्यांची बशी माझ्या हातात तशीच राहिली. धाक? आम्ही? लग्नाच्या बैठकीत ज्या गोष्टी ऐकून समोरचे खुशीनं माना डोलवतात, त्याच आम्ही सांगितल्या होत्या. अन् त्या ऐकून एका शहाण्या बाईला वाटलं, या घरात पोरीला कोंडून ठेवतात.

"आमी काय पोरगी इकून राहिलो?" दीर उठले. "बंद कर रे तो फोन."

मुलानं खरंच हात पुढे केला. फोन बंद झाला असता, तर सही गेली होती, अन् क्लासची सगळी मेहनतही.

"बाबा, हात लावू नका," नात म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "तुमी सगळे भायेर जा."

आमच्या घरात बापाला असं कोणी म्हटलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. आम्ही मुकाट्यानं अंगणात गेलो. भिंतीपलीकडून शेजारीण विचारते, "जमलं काय हो?"

"अजून आतमंदीच आहे," दीर म्हणाले.

दार उघडलं. नात आधी बापाला बाजूला घेऊन काही बोलली, मग सगळ्यांना सांगितलं, सही होणार. दिरांनी पोह्यांची बशी जवळ ओढली. मी मात्र नातीच्या मागे आतल्या खोलीत गेले. ती साडीच्या पिना काढत होती.

"काय इचारलं वो त्याईनं?"

"मर्जीनं येतं का म्हणे. हो म्हटलं."

"इतकंच?"

"घरच्याईनं नाई म्हटलं असतं, तं आली असती का म्हणे."

"मंग?"

"आली असती, म्हटलं."

मी पलंगावर बसले. बाईंच्या प्रश्नाचं जे लागलं होतं, ते याच्यापुढे काहीच नव्हतं. म्हटलं, "हे बापाले नको सांगू."

"त्याइलेच पयले सांगितलं, आजी."

खिडकीतून माझा मुलगा दिसत होता. तिकडे थंडी कशी असते, असं तो मामांना विचारत होता. मामांनी सगळं नीट समजावून सांगितलं, अन् त्यानं पुन्हा तेच विचारलं.