मासी शिंकली

घरातून निघालेल्या माणसाला ‘कुठे चाललात?’ विचारू नये, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. पण बडोद्याच्या अकोटा भागातल्या आमच्या खालच्या मजल्यावरच्या गुजराती शेजारणीला, म्हणजे आमच्या मासीला, हे कोण सांगणार? रविवारी सकाळी बाबांनी स्कूटरला किक मारली, की ओट्यावरून हाक यायचीच, “क्यां चाल्या, भाई?”

“नदीए,” बाबा म्हणायचे. खोटं नव्हतंच ते. आम्ही महीवर गळ टाकायला जायचो. मासीला मात्र वाटायचं, काय हे भाविक लोक, दर रविवारी नदीस्नान! “मारा वती पण एक डूबकी मारजो,” म्हणजे तिच्या वतीनेही एक डुबकी, म्हणून ती हात जोडायची. कांदासुद्धा न खाणाऱ्या त्या बाईला खरं सांगायची आमची छाती नव्हती.

फाटकाबाहेर पडलं की बाबा करवादायचे, “झालं! मासी शिंकली!”

आणि खरंच, लागोपाठ दोन रविवार आम्ही हात हलवत परत आलो. बाबा मूळचे रत्नागिरीचे, रिफायनरीतल्या नोकरीपायी बडोद्याला आलेले. रिकामी पिशवी त्यांना अपमानासारखी लागायची. मी तेव्हा कॉलेजात होते. त्यांच्या मागे बसून जायचा हट्ट माझाच.

तिसऱ्या रविवारी मासीने विचारलं आणि बाबांनी चक्क स्कूटर बंद केली. “आज जायचंच नाही.”

मी भडकलेच. “मासे काय मासीला विचारून गळाला लागतात?”

“बरं, चल. पण आज रिकाम्या हाताने आलो, तर गळ माळ्यावर आणि तू घरी. कायमची!”

रविवारची नदी गेली, तर आठवड्यात उरतं काय?

महीवर कणकेत हिंग मळून गोळी केली, गळाला लावली. दोरीला बांधलेला जुन्या हवाई चपलेचा तुकडा पाण्यावर तरंगत होता. मी त्याच्यावरून नजर हलवली नाही. ऊन चढलं. बाबा सामान आवरायला लागले, आणि तुकडा गडप!

“बाबा!”

“दोरी सोड! सोड गं! ताणू नको!”

बाबांनी हौसेने घेतलेलं नवं परदेशी रीळ करकरत फिरायला लागलं. काय जोर होता! हात खांद्यातून निखळतोय असं वाटलं. आता ओढ, आता सोड, म्हणत बाबा काठावर नुसते नाचत होते. शेवटी काठाजवळ भलामोठा रोहू उलटला. बाबा टॉवेल घेऊन वाकले, चिखलात पाय सटकला आणि धप्पकन डोक्यासकट पाण्यात! वर आले ते माशाला छातीशी कवटाळूनच. चष्मा गेला नदीला.

“मिळाला! अगं, मिळाला!”

हसता हसता मला रडूच फुटलं.

घरी आलो तर मासी ओट्यावरच. बाबांच्या केसांतून अजून पाणी गळत होतं. “मारी डूबकी मारी?” तिने विचारलं.

“मारी, मासी. बराबर मारी!” बाबा म्हणाले आणि पिशवी हळूच माझ्याकडे सरकवली.

पुढच्या रविवारी ओटा रिकामा होता. बाबांनी फाटकाशी स्कूटर थांबवून हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला.

“बाबा, चला ना, उशीर होतोय!”

“थांब गं जरा. मासीने अजून विचारलं नाही.”