माघारीचा पोवाडा

जर्मनीतल्या आमच्या गावाच्या चौकात एका जनरलचा पुतळा आहे. एकोणिसाव्या शतकातला माणूस, पण खाली घोडा नाही की हातात उपसलेली तलवार नाही. नुसता उभा आहे, आणि शिल्पकाराने त्याचा डावा कान अर्धाच घडवलाय. बाड हॉम्बुर्गला ऑफिसला जायची माझी बस त्याच्यासमोरच थांबते. कित्येक वर्षं मी त्याला रोज पाहत होते, पण त्याची कधी साधी चौकशी केली नव्हती.

ती वेळ आणली माझ्या तोंडाने. शेजारच्या बाई गावच्या इतिहास मंडळाच्या अध्यक्ष आहेत. जनरलच्या जयंतीला काय करायचं यावर त्यांच्या घरी बैठक होती आणि मी केकच्या लोभाने गेले होते. सगळे अवघडलेले. लष्कराचा उदोउदो इथे कुणालाच नको असतो. भाषण नको, बँड नको, झेंडे तर नकोतच. मला राहवेना. मी म्हणाले, "आमच्याकडे अशा माणसावर पोवाडा गातात. माझे वडील शाहीर आहेत आणि सध्या माझ्याकडेच आहेत."

"गेनाऊ! अगदी हेच!" बाईंनी टेबलावर हात आपटला. "ठरलं तर मग."

एवढंच सांगायचं राहिलं, की मी दहावीत होते तेव्हापासून बाबांनी डफाला हात लावला नव्हता.

बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर होते आणि युनियनचे शाहीर होते. गेटवरच्या सभेत आधी त्यांचा डफ वाजायचा, मग पुढाऱ्यांची भाषणं. काय आवाज होता! रस्त्यावरचे रिक्षावाले इंजिन बंद करून ऐकत. मग एक संप लांबत गेला, घरोघरी डबे रिकामे झाले, आणि एका संध्याकाळी बाबांनीच गेटवर उभं राहून सांगितलं, आता आत चला, नाहीतर कुणाचीच नोकरी उरणार नाही. लोक आत गेले. नोकऱ्या वाचल्या. ज्यांच्या वाचल्या त्यांच्यातल्याच कुणीतरी आमच्या दारावर कोळशाने लिहिलं, फितूर. आईने ते पदर खोचून घासून काढलं. मला त्या माणसांचा तेव्हा राग आला होता, तो अजून गेलेला नाही. बाबांनी मात्र डफ खुंटीला लावला तो लावलाच. आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं, तर खिडकीशी बसून म्हणायचे, "मी इथे कुणाच्या काय कामाचा?"

"कबूल करून आलीस?" बैठकीची हकिगत ऐकून त्यांनी विचारलं.

"आले."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

त्यांनी खुर्ची खिडकीकडून माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "त्याने काय केलं ते तरी सांग."

बाईंकडून जेवढं कळलं तेवढं मी सांगितलं. गिरणीवाल्याचा मुलगा, एका चिमुकल्या संस्थानाच्या सैन्यात ढोल वाजवायला लागला आणि चढत चढत अधिकारी झाला. दुसऱ्याच कुणाच्या लढाईसाठी त्याच्या तुकडीला दूर पाठवलं. भर हिवाळ्यात मोठं सैन्य आधीच उधळलं होतं, आणि याला हुकूम आला, शेवटचा माणूस पडेपर्यंत पूल सोडू नका. त्याने पूल सोडला. आपला घोडा जखमींच्या गाडीला जुंपला आणि स्वतः बर्फातून चालत गावची पोरं गावात आणली. कान त्या थंडीत गेला. पुढे चौकशी झाली, बढती अडली. राजा बदलला तेव्हा कुठे तो जनरल झाला. निवृत्तीनंतर सफरचंदाची झाडं लावत बसला. पुतळा सरकारने बसवलेला नाही, परत आलेल्यांच्या नातवंडांनी बसवला.

"म्हणजे माघार," बाबा म्हणाले. "माघारीचा पोवाडा होत नसतो गं. त्याला लढाई लागते."

मी वाद घातला नाही. माझ्या स्वभावाला ते जड गेलं.

दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना त्यांनी एकदम विचारलं, "त्याला लोक भित्रा म्हणाले असतील?"

"म्हणाले ना. बाई सांगत होत्या."

"मग तो काय म्हणाला?"

"काहीच नाही म्हणे."

बाबांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "डफ मिळेल का इथे कुठे?"

संगीत शाळेतून मी एक चामड्याचा डफ मागून आणला. इथल्या दमट हवेत तो पार सैल पडायचा, म्हणून बाबा त्याला हायत्सुंगवर, म्हणजे खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर, शेकत बसायचे आणि चुलीपेक्षा हे बरं आहे म्हणायचे. मी, माझा नवरा आणि शेजारच्या बाई असे तीन झीलकरी तयार झालो. बाईंचं "जी जी जी" कधी तालात पडलं नाही, पण जोर सगळ्यात जास्त त्यांचाच.

पोवाडा स्वयंपाकघरात फेऱ्या मारत जुळला. फक्त शेवटचं कडवं होईना. त्या कडव्यात शाहीर आपलं आणि आपल्या गुरूचं नाव गुंफतो, तशी रीतच आहे.

"ते राहू दे," बाबा म्हणाले. "नाव लावावं असं काय केलंय मी?"

माझं डोकंच फिरलं. "आईने दार घासलं ते कशासाठी मग?" मी ओरडले. बाबा उठून आत गेले. जयंतीपर्यंत त्यावर आम्ही दोघांनीही पुन्हा तोंड उघडलं नाही.

जयंतीला चौक भरला होता. मी आधी पोवाड्याचा अर्थ जर्मनमध्ये सांगितला. मग आमच्या लग्नातला माझ्या नवऱ्याचा फेटा बांधून बाबा पुतळ्याशेजारी उभे राहिले. पहिल्या ओळीला आवाज फाटला. त्यांनी डफावर थाप मारली आणि पुन्हा उचललं:

"नाही जिंकला गड कोणता, नाही लुटलं रान,
घरी आणली पोरं त्यानं, हाच त्याचा मान, जी जी जी!"

तोच आवाज होता, पिंपरीच्या गेटवरचा. पुढच्या रांगेतली माणसं आपण होऊन "जी जी" म्हणायला लागली. माझी छाती फुलून आली.

पोवाडा संपला असं समजून लोकांनी टाळ्या सुरू केल्या. बाबांनी हात वर केला. आधी जनरलला मुजरा केला, मग डोळे मिटून एक कडवं गायलं, जे मी कधीच ऐकलं नव्हतं. त्यात लेथ होता, कारखान्याचं गेट होतं, शेवटी बाबांचं नाव होतं. आणि गुरूच्या नावाच्या जागी आईचं.

झील धरायची होती, पण मी आणि माझा नवरा बाबांकडे बघतच राहिलो. बाईंनी एकट्यांनीच धरली. मग त्यांनी हळूच विचारलं, हे शेवटचं भाषांतर तू केलंच नाहीस, काय होतं ते?

मी माईक घेतला आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं सांगितलं, "ती माझ्या आईवडिलांची नावं आहेत."