दिलावरभाईंनी आमचा क्लेम बुडवला

मागच्या आठवड्यात आईनं शिरोळजवळ गाडी ठोकली. म्हणजे उसाची रिकामी ट्रॉली रस्त्याकडेला निवांत उभी होती, आणि शेजारून जाताना आईनं गाडीची डावी बाजू तिला घासली...

बाबा गेल्यावर त्यांची गाडी दारात धूळ खात उभी राहिलेली आईला बघवेना. म्हणून साठीला आल्यावर हट्टानं ड्रायव्हिंग शिकली. कोल्हापूरहून शिरोळला मावशीकडं एकटीनं जायचं, याचा तिला कोण अभिमान!

मी पोचले तेव्हा ती ट्रॉलीवाल्या दिलावरभाईंच्या अंगणात बसली होती. त्यांनी आधी "बघून घालायची की वो मावशी!" म्हणत सगळी वस्ती गोळा केली होती, आणि लगेच घरात नेऊन तिला चहाही पाजला होता. आमच्याकडं भांडण आणि पाहुणचार एका दमात उरकतात.

आईला साधं खरचटलंही नव्हतं. पण तिनं किल्ली माझ्या हातात ठेवली. "विकून टाक. मला नाही जमायचं आता."

एवढ्या हळू आवाजात बोलणारी आई मी बाबा गेले तेव्हाच पाहिली होती.

दरवाजा चेपला होता, मडगार्ड चाकाला घासत होतं. इन्शुरन्सच्या हेल्पलाइनवर बराच वेळ संगीत ऐकवून एकानं सांगितलं, उद्या सर्व्हेअर येईल, तोवर गाडी आहे तशी ठेवा. मी दिलावरभाईंना एवढंच म्हणाले, "गाडी इथंच राहू दे, उद्या इन्शुरन्सचे साहेब बघायला येतील." आणि आईला घरी घेऊन आले. फोटो काढायचं डोक्यातच आलं नाही... माझं सगळं लक्ष आईकडं होतं.

दुसऱ्या दिवशी आईला बळंच एसटीनं बरोबर घेऊन गेले. सर्व्हेअर आधीच आला होता. गाडीभोवती फेऱ्या मारून त्यानं मला विचारलं, "मॅडम, डॅमेज कुठाय?"

गाडी चकाचक! दरवाजा ठोकून सरळ केलेला, मडगार्ड जागच्या जागी, वर पांढरा रंगसुद्धा. भाईंच्या शेडमध्ये ट्रॉल्यांचं वेल्डिंग चालतं, तिथं सकाळीच सगळे कामाला लागले होते म्हणे.

"सायब येनार, आन् दारात आल्याल्या पावण्याची गाडी अशी चेपल्याली दावायची व्हय?" दिलावरभाई छाती फुगवून म्हणाले.

डॅमेजच नाही, तर क्लेम कशाचा करायचा? मी कपाळाला हात लावला. सर्व्हेअर बिचारा टॅब घेऊन नुसता उभा. आणि भाईंचा चेहरा पडला, "चांगली केली तर बी वांदा?"

तेवढ्यात मागून आवाज आला. आई हसत होती... तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

ते बघून भाईंना काय सुचलं कुणास ठाऊक. ट्रॅक्टर काढून त्यांनी ट्रॉली परत कालच्याच जागी नेऊन लावली. "मावशी, गाडी नीट झाल्या का न्हाय ते चालवून बगा. काडा हितनं."

"नको रे बाबा, परत लागेल."

"लागली तर परत ठोकून दीन की! त्यात काय एवढं?"

आईनं पदर खोचला आणि माझ्यापुढं हात केला... किल्लीसाठी.

भाई गाडीपुढं उलटं चालत दोन्ही हात हलवत होते, "या, या, या... लई जागा हाय!" सर्व्हेअर शेताच्या कडेला उभा राहून ओरडत होता, "काकू, थोडं उजवीकडं!" गाडी ट्रॉलीला न लागता पार झाली, आणि अख्खी वस्ती निवडणूक जिंकल्यासारखी ओरडली.

आता आई थांबेल म्हणून आम्ही वाट बघत राहिलो. ती थांबलीच नाही... गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

थोड्या वेळानं मावशीचा फोन. "अगं, तुझी आई जेवायला आलीय. तू कुठं राहिलीस?"

मी सर्व्हेअरच्या बाईकवर मागं बसून मावशीकडं पोचले. क्लेम गेला तो गेलाच. पण दिलावरभाई, तुम्ही फेसबुकवर नाही म्हणून इथं लिहितेय... माझी आई तुम्ही मला परत दिलीत. लई आभार.